अमेरिकेत ग्रीन कार्डवर राहणाऱ्या माझ्या आईला सरकारी सवलतीतलं सीनियर अपार्टमेंट मिळेल का? आई ६८ वर्षांची आहे.

अर्ज जरूर करा, आणि आजच करा. तुमच्या आईसाठी बघायची योजना म्हणजे ‘सेक्शन २०२’. एचयूडी या केंद्रीय गृहनिर्माण खात्याची ही योजना १९५९ पासून चालू आहे. वय किमान ६२ हवं आणि उत्पन्न त्या भागातल्या मध्यम उत्पन्नाच्या निम्म्याच्या आत. अपंग प्रौढांसाठी वेगळी ‘सेक्शन ८११’ आहे.

भाडं वजावटीनंतरच्या उत्पन्नाच्या साधारण ३० टक्के. महिना १००० डॉलर धरले तर ३०० च्या आसपास. औषधपाण्याच्या मोठ्या खर्चाची वजावट मिळते, म्हणून पावत्या जपून ठेवा.

आपल्या लोकांचं अडतं ते इथे: भारतातली पेन्शन, मुदतठेवींचं व्याज, गावाकडचं घर हे सगळं अर्जात दाखवावंच लागतं. तुम्ही दरमहा नियमित पैसे देत असाल तर तेही आईचं उत्पन्न धरतात. कृपा करून काही लपवू नका. पुढे उघड झालं तर घर जातं, वर भाड्यातला फरकही भरावा लागतो.

अर्ज थेट त्या इमारतीच्या व्यवस्थापनाकडे करायचा. त्याला फी नसते, कोणी मागितली तर देऊ नका. प्रतीक्षायादी बहुतेक ठिकाणी काही वर्षांची असते, त्यामुळे एकाच वेळी अनेक इमारतींत नाव घाला. पत्ता बदलला तर प्रत्येक ठिकाणी लेखी कळवा. त्यांच्या पत्राला उत्तर गेलं नाही की नाव यादीतून काढतात.