सावंतवाडीत घर: बारा गुंठ्यांतला बंगला की तळ्याजवळचा फ्लॅट?

ताई, नमस्कार.

इतर वाचकांसाठी तुमचा प्रश्न थोडक्यात सांगतो. तुम्ही ५८ वर्षांच्या, अनुदानित शाळेतून नुकत्याच निवृत्त झालात. निवृत्तिवेतन महागाई भत्त्यासह ३४ हजार. यजमान ६२ वर्षांचे, खासगी कंपनीतून निवृत्त, त्यांना ईपीएसचे, म्हणजे भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शनचे, २,९०० रुपये. एफडीत २२ लाख. डोंबिवलीचा फ्लॅट दोघांच्या नावावर, २००४ साली सगळा खर्च धरून ९ लाखांना घेतलेला, आज ७८ लाखांना गिऱ्हाईक आहे. मुलगी बंगळुरूला. यजमानांचं आजोळ सावंतवाडीजवळच्या माजगावचं, त्यामुळे सावंतवाडीला जायचं दोघांचंही ठरलंय. त्यांच्या मनात आंबोली रस्त्यावरच्या माडखोलच्या बाजूची १२ गुंठे जागा आहे: जागा २६ लाख, वर बंगला ४५ लाख. तुमच्या मनात मोती तलावापासून चालत पाच मिनिटांवरचा टू बीएचके आहे, मुद्रांक शुल्क आणि नोंदणीसकट ४१ लाखांना पडणारा. तुम्ही विचारलंत, कोणाचं बरोबर?

तुमचं. आणि त्याचं कारण फक्त तीस लाखांचा फरक एवढंच नाही.

असं घर ठरवताना माझी एक कसोटी असते: दोघांतलं एक माणूस मागे राहिलं तर हा निर्णय त्याला पेलेल का? हा विषय काढला की घरात सगळे गप्प होतात, हे मला माहीत आहे. तरी काढतो, कारण तुमच्या बाबतीत दोघांची अडचण वेगवेगळी आहे. तुम्ही मागे राहिलात तर पैशाची फारशी चिंता नाही, निवृत्तिवेतन तुमचंच आहे. पण तुम्हाला गाडी चालवता येत नाही. माडखोलहून दुधाची पिशवी, रक्तदाबाची गोळी, बँक, सगळ्यासाठी एसटी किंवा रिक्षाची वाट बघावी लागेल, तीही जुलैच्या पावसात. यजमान मागे राहिले तर गाडी आहे, पण पैसा आटतो. कुटुंब निवृत्तिवेतन पहिली काही वर्षं वाढीव दराने मिळतं, नंतर शेवटच्या मूळ वेतनाच्या ३० टक्क्यांवर येतं. म्हणजे तुमचे ३४ हजार त्यांच्या हाती साधारण २०-२१ हजार होऊन येतील. अंशराशीकरण केलं असेल, म्हणजे निवृत्तिवेतनाचा काही भाग आधीच एकरकमी घेतला असेल, तर आकडा थोडा बदलेल.

आता दोन्ही बेत या कसोटीवर घासून बघू.

बंगल्याचा बेत: ७८ आणि २२ मिळून १०० लाख, त्यातून ७१ गेले, हाती २९. कर लागणार नाही, कारण जागा आणि बांधकाम मिळून सगळा नफा घरातच गेला. पण कोकणातलं बांधकाम ठरल्या आकड्यात संपलेलं मी क्वचितच पाहिलंय. जूनमध्ये काम थांबतं ते दसऱ्यापर्यंत. तोवर मजुरी वाढते, जांभ्याच्या चिऱ्याचा भाव वाढतो, आणि विहीर, कंपाउंड, गेटपर्यंतचा रस्ता हे तर बहुतेकांनी मूळ हिशेबात धरलेलंच नसतं. कराची सवलत हवी तर फ्लॅट विकल्यापासून तीन वर्षांत घर पूर्ण व्हावं लागतं. तीन वर्षं ऐकायला भरपूर वाटतात, प्रत्यक्षात हाती फक्त तीन कोरडे हंगाम असतात. आठ-नऊ लाख जादा गेले तर उरतात वीस. ते सगळे ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाकले तरी सध्याच्या ८.२ टक्क्यांनी महिन्याला १३,६०० च्या आसपास येतील, आणि अडीअडचणीला मोकळा पैसा शून्य. यजमान एकटे राहिले तर महिना ३७ हजार, आणि त्यात १२ गुंठ्यांची साफसफाई, गडी, पंप, पावसाळ्यात दोन-दोन दिवस जाणारी वीज.

फ्लॅटचा बेत: विक्रीवरचा नफा ६९ लाख. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घराला दोन पर्याय आहेत: महागाई निर्देशांकाचा लाभ (खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरणं) न घेता १२.५ टक्के, किंवा तो घेऊन २० टक्के. इथे पहिला धरून हिशेब करतो, नव्या घराची सवलत धरल्यावर कुठला स्वस्त पडतो ते सीएकडून तपासून घ्या. नवं घर घेतल्याने (सगळे ज्याला कलम ५४ म्हणून ओळखतात ती सवलत) ४१ लाख सुटले, उरले २८ लाख. यातले २० लाख विक्रीपासून सहा महिन्यांच्या आत भांडवली नफ्याच्या रोख्यांत घाला, आरईसी किंवा पीएफसी या सरकारी कंपन्यांच्या. पाच वर्षं अडकतात आणि व्याज ५.२५ टक्केच, तरी वाचणारा कर धरला तर परवडतात. सगळे २८ का नाही? मग हाताशी काही उरत नाही. राहिलेल्या ८ लाखांवर उपकरासह १ लाख ४ हजार कर भरून मोकळे व्हा.

मग ३० लाख यजमानांच्या नावे ज्येष्ठ नागरिक योजनेत, तुम्ही संयुक्त धारक. एका माणसाला तेवढीच मर्यादा आहे, दर तिमाहीला ६१,५०० व्याज. शिवाय जवळजवळ ८ लाख बँकेत, केव्हाही मोडता येतील असे. रोख्यांचं व्याज धरून दोघांचं मिळून महिना ६६ हजार. यजमान एकटे राहिले तरी बावन्न हजारांच्या वर. तुम्ही एकट्या राहिलात तर त्याहूनही जास्त, आणि बाजार, चितार आळी, दवाखाना पायाखाली.

यजमानांना एवढंच सांगा, की तळ्याजवळचं घर ही चैन नाही. या गावात तलाव मधोमध आहे आणि गाव त्याच्याभोवती. तळ्याशी राहणं म्हणजे रोजच्या गरजांशी राहणं. आंबोली रस्त्यावरची झाडी सुंदर आहे, मलाही आवडते. ती बघायला रविवारी जाता येतं.

त्या १२ गुंठ्यांविषयी आणखी थोडं, कारण मला खरी धास्ती तिथे वाटते. तुम्ही पाठवलेल्या सातबाऱ्यावर अकरा नावं आहेत, आणि विकणारे म्हणतात, 'मुंबईची मंडळी सही देतील.' या एका वाक्यावर लोकांची आयुष्यभराची पुंजी अडकलेली आहे. अकराही जणांच्या सह्या किंवा रीतसर वाटप झाल्याशिवाय इसार म्हणून पाच हजारही देऊ नका. शिवाय जागा शेतीची दिसते. महाराष्ट्रात बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, १९४८ चा कूळ कायदा तसं सांगतो. आजोळ माजगावचं असलं म्हणून यजमान शेतकरी ठरत नाहीत, सासूबाईंचं नाव तिथे वारस म्हणून लागून पुढे यजमानांपर्यंत आलं असेल तर गोष्ट वेगळी. आणि कोणी आणखी वर आंबोली, चौकुळ किंवा गेळ्याची जागा स्वस्तात दाखवली तर तिथला कबुलायतदार गावकर जमिनींचा, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक जमिनींच्या मालकीचा, प्रश्न आधी वकिलाकडून समजून घ्या.

आजारपणाचा हिशेब तुमच्या पत्रात नाही, तो धरा. गावात उपजिल्हा रुग्णालय आहे, खासगी डॉक्टरही चांगले आहेत. पण हृदयाचं किंवा मेंदूचं मोठं काही झालं की इथली माणसं गोव्याला पळतात, बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात किंवा खासगीत. गोव्याबाहेरच्या रुग्णांना बांबोळीला २०१८ पासून शुल्क पडतं. तुमचा पाच लाखांचा आरोग्य विमा डोंबिवलीची रुग्णालयं डोळ्यापुढे ठेवून घेतलेला आहे. कंपनीकडून सिंधुदुर्ग आणि उत्तर गोव्यातल्या कॅशलेस रुग्णालयांची यादी लेखी मागवा. यादी तोकडी असेल तर नूतनीकरणाच्या वेळी पोर्ट करा, म्हणजे विमा दुसऱ्या कंपनीकडे न्या, आणि ते यजमानांना नवा आजार निघण्याआधी. मुलीची काळजी मात्र करू नका. गोव्यातला मोप्याचा विमानतळ २०२३ मध्ये सुरू झाल्यापासून बंगळुरूहून येणं सोपं झालंय.

आणि घाई नको. फ्लॅटसुद्धा लगेच घेऊ नका. डोंबिवलीचं घर अकरा महिन्यांच्या कराराने द्या. तुम्ही म्हणता तसं १७ हजार भाडं आलं तर सोसायटीचे साडेतीन हजार जाऊन साडेतेरा उरतील. सावंतवाडीत तुम्हाला ९ हजारांत घर मिळतंय, ते घ्या आणि मे महिन्यात जा. म्हणजे पाण्याची टंचाई, मग सलग चार महिने पाऊस, कपाटातली बुरशी, चतुर्थीचे पाहुणे, सगळं भाड्याच्या घरात अनुभवून होईल. कर-सवलतीचं घड्याळ विक्रीच्या दिवसापासून सुरू होतं, त्यामुळे थांबल्याने काही बुडत नाही. आताचं गिऱ्हाईक हातचं जाईल, जाऊ दे. डोंबिवलीला गिऱ्हाईक पुन्हा येतं. उलट तिथलं घर एकदा विकलं की त्याच पैशांत तिथे परतणं जवळजवळ अशक्य, आणि म्हणूनच त्या एका वर्षाची किंमत मोजावी असं मला मनापासून वाटतं.

वर्षानंतरही सावंतवाडीच हवी असेल, तर फ्लॅट एकट्या तुमच्या नावावर घेण्याचा विचार करा, महिलांना मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. पण तसं करण्याआधी सीएला विचारा: डोंबिवलीच्या नफ्यात निम्मा वाटा यजमानांचा आहे, आणि घर त्यांच्या नावावर नसेल तर त्यांच्या वाट्याच्या सवलतीवर प्रश्न उठू शकतो. तुमच्या आकड्यांत ती सवलत मुद्रांक शुल्कातल्या सुटीपेक्षा बरीच मोठी आहे. मी असतो तर घर दोघांच्याच नावावर ठेवलं असतं.