दोनदा माउलींची वारी केली. तिसऱ्यांदा तीच करावी की वाट बदलावी?

तुम्ही दोघी मैत्रिणी सांगलीच्या. दोन वर्षं लोणंदला सोहळ्यात मिळालात आणि पंढरपूरपर्यंत चाललात. रजा कशीबशी दहा-बारा दिवसांची. यंदा पुन्हा तेच करावं, तुकोबांच्या पालखीत जावं, की नर्मदेसारखं काही वेगळंच धरावं, असं विचारलंय. त्यातलं एक वाक्य मला अडलं, "तेच तेच होईल का?"

मी फलटणची. शिवणकाम करते. ज्येष्ठ लागला की ब्लाउज बाजूला पडतात आणि पताका, पडशा, टाळांच्या पिशव्या मशीनवर चढतात. लग्न होऊन आले तेव्हा पहिली बारा-तेरा वर्षं मी वारी फक्त घरातून पाहिली, म्हणजे पिठलं हाटून आणि भाकऱ्या थापून. आमच्या ओसरीवर दरवर्षी एक दिंडी उतरायची. २०११ साली सासूबाई म्हणाल्या, जा की आता, भाकऱ्या मी बघते. तेव्हापासून जातेय. २०२० आणि २०२१ ला पादुकाच एसटीने गेल्या, तेवढा खंड. २०२३ ला तुकोबांकडे गेले, आणि २०२४ ला आणखी एक वेगळी वाट धरली, तिचं पुढे सांगते. म्हणजे तुमच्या तीनपैकी दोन पर्याय, माउली आणि तुकोबा, माझ्या पायांखालून गेलेत.

माझं उत्तर सरळ आहे. तिसरी वारी तीच करा, त्याच दिंडीतून. चौथ्या वर्षी पाहिजे तिकडे जा.

दोन वर्षांत रस्ता कळतो, दिंडी कळत नाही. पहिल्या वर्षी माणूस स्वतःच्या पायांकडे बघत चालतो. फोड कुठे आला, पुढचा विसावा किती लांब, पाण्याचा टँकर कुठे उभा आहे. दुसऱ्या वर्षी गर्दी बघतो, फोटो काढतो, लोणंदच्या पुढे चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण बघायला जागा मिळवतो. तिसऱ्या वर्षी मला पहिल्यांदा कळलं की सकाळपासून रात्रीपर्यंतच्या अभंगांना क्रम आहे. काकडा, भूपाळ्या, मग वासुदेव, आंधळे, पांगुळ, गौळणी. गुरुवारचे वेगळे, एकादशीचे वेगळे. आधीची दोन वर्षं मी ते सगळं "भजन" या एका शब्दात ऐकत होते.

आणि तिसऱ्या वर्षी दिंडी तुम्हाला काम लावते. हे कुणी बोलून दाखवत नाही, पण दोन वर्षं तुम्ही भिशी, म्हणजे दिंडीतल्या जेवणखाण्याचे पैसे, भरलेल्या पाहुण्या असता. तिसऱ्या वर्षी कुणीतरी म्हणतं, ताई, बायका मोजा बरं, विसाव्यावरून कोणी मागे राहिलं नाही ना. झालं. मला आमच्या दिंडीत हेच काम आलं, ते अजून माझ्याकडे आहे. पाचव्या वर्षी टाळ हातात मिळाला. सुरुवातीला माझा ठोका चुकायचा तेव्हा पुढच्या ओळीतले एक आजोबा मागे न बघता नुसती मान हलवायचे. त्यांच्या मानेवरूनच मी ताल शिकले.

तळावरची, म्हणजे मुक्कामाच्या जागेवरची, समाजआरती तुम्ही दोन्ही वर्षं पाहिली असेलच. सोहळ्याची शिस्त राखणाऱ्या चोपदाराने चोप, म्हणजे हातातली काठी, उंचावली की सगळ्या दिंड्यांचे टाळ एकदम थांबतात. पण ज्या दिंडीची तक्रार असेल ती टाळ वाजवतच राहते, मग चोपदार तिकडे जाऊन ऐकून घेतो. पहिली दोन वर्षं मला तो नुसता गोंगाट वाटला. चौथ्या वर्षी आमच्याच दिंडीने टाळ चालू ठेवला, पाण्याच्या टँकरवरून. तेव्हा कळलं, एवढ्या लाखांच्या मेळ्यात तक्रार करायची हीच रीत आहे आणि ती चालते.

बरडला एक बाई होत्या, पहाटे तीनला चुलीवर पाणी तापवून बायकांना अंघोळीला द्यायच्या. बायकांना वारीत त्या गरम पाण्याची किंमत काय असते, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. सहा वर्षं त्यांच्याकडे गेले. सातव्या वर्षी चुलीपाशी सून होती. तिने विचारलं, "फलटणच्या टेलरबाई ना?" सासूने सांगून ठेवलं होतं. दरवर्षी नवा रस्ता धरला असता तर हे कुठून मिळालं असतं?

आता दुसरी बाजू. वाट बदलणं म्हणजे काही पाप नाही. मुळात माउलींची ही वाटच एका सातारकराने वेगळी केली. तुकोबांचे चिरंजीव नारायणमहाराज १६८५ पासून दोन्ही संतांच्या पादुका एकाच पालखीतून न्यायचे. पुढे १८३२ च्या सुमारास हैबतबाबा आरफळकरांनी माउलींचा सोहळा स्वतंत्र सुरू केला. आरफळ हे सातारा तालुक्यातलं गाव. आज रथापुढे सत्तावीस दिंड्या आणि मागे त्याहून किती तरी, ही शिस्त त्यांच्यापासून आली असं मानतात. त्यामुळे "नवी वाट धरू नये" असं आम्ही सातारकरांनी तरी म्हणायची सोय नाही.

२०२३ ला बारामतीहून तुकोबांच्या पालखीत मिळाले. काटेवाडीला परीट मंडळींनी घातलेल्या धोतरांच्या पायघड्या आणि पालखीभोवती धावणाऱ्या मेंढ्यांचं रिंगण पाहून मी लहान पोरीसारखी ओरडले. आमच्याकडे हे नाही. बेलवाडीचं गोल रिंगण, इंदापूर, मग सराटीला नीरास्नान. तिथे मात्र गंमत वाटली. माउलींच्या पादुका नीरेत न्हातात त्या वर, नीरा गावाजवळ, सातारा जिल्ह्यात शिरायच्या आधी. तुकोबांच्या न्हातात त्या खाली, सराटीला. नदी एकच. मी आपली काठावर उभी राहून हिशोब करत होते की इकडचं पाणी लोणंदच्या बाजूनंच आलं असणार.

पण खरं सांगते, त्या वर्षी मी प्रवासी होते. ज्या दिंडीत घुसले तिथली माणसं चांगली होती, पण त्यांची चाल वेगळी, जेवणाची वेळ वेगळी, आणि बायका मोजायला त्यांच्याकडे त्यांची बाई होती. एके रात्री माझं बोचकं सामानाच्या दुसऱ्याच ट्रकमध्ये गेलं. ओल्या लुगड्यात एका अनोळखी घराच्या ओट्यावर झोपले. घरच्या माउलीने पहाटे चहा आणि स्वतःचं पातळ दिलं. दिंडीची तक्रार नाही, माझंच चुकलं. बोचक्यावर नाव नव्हतं. आपल्या दिंडीत नावाची गरज लागत नाही, त्याची सवय झाली होती.

वाखरीला सगळ्या पालख्या एकत्र येतात तेव्हा मी गुपचूप आमची दिंडी शोधून काढली आणि शेवटचे सहा किलोमीटर त्यांच्याबरोबर चालले. हा थोडा लबाडपणाच, पण करून बसले.

तुम्हाला नवं हवंच असेल तर तुकोबांच्या सोहळ्याला बारामतीहून जा. तिथून पुढची वाट तुमच्या रजेत बसते. पण आधी एखाद्या दिंडीशी बोलून, भिशी भरून जा. दोघीच मोकळ्या चाललात तर मुक्कामाला हाल होतील. आणि अर्धी वारी इकडे, अर्धी तिकडे असलं करू नका. माझा सहा किलोमीटरचा किस्सा उदाहरण म्हणून घेऊ नका.

नर्मदा परिक्रमा मी केलेली नाही, पण रजेच्या हिशेबात ती बसतच नाही. नदी कायम उजव्या हाताला ठेवायची, मध्ये ओलांडायची नाही, अडीच हजारांहून जास्त किलोमीटर, काही महिने. चैत्रात उत्तरवाहिनी नर्मदेची छोटी परिक्रमा एका दिवसात होते, ती करून या, पण ती वारीला पर्याय नव्हे. शिखर शिंगणापूरच्या कावडींबरोबर मुंगी घाट चढायचा असेल तर तोही चैत्रातच. उन्हाचा तडाखा बघून ठरवा.

आता २०२४ ची ती वाट. परतवारी. पौर्णिमेला गोपाळपूरचा काला झाला की माउली आळंदीला परत निघतात. लाखांनी आलेली माणसं गाड्या पकडून घरी गेलेली असतात. उरतात थोडे. जाताना दोन दिवसांत केलेला पल्ला येताना एकाच दिवसात. नातेपुत्याहून निघायचं ते थेट फलटणला, चाळीसेक किलोमीटर. मी पंढरपूर ते फलटण चालले, चौथ्या दिवशी घरात. रिंगण नाही, मंडप नाहीत, चहाचे स्टॉल नाहीत. औषधाची गाडी शोधावी लागते आणि फिरती शौचालयंही उचललेली असतात, हे बायकांनी ध्यानात ठेवावं. चौपदरी रस्त्यासाठी जुनी वडाची झाडं गेलीत, त्यामुळे ऊन पडलं तर सावली नाही आणि पाऊस आला तर आडोसा नाही.

पण टाळ ऐकू येतो. जाताना तो गर्दीत बुडालेला असतो. येताना धर्मपुरीजवळ, दोन्ही बाजूला उसाचे फड आणि मध्ये आम्ही मोजकी माणसं, तेव्हा पुढच्या ओळीतल्या त्याच आजोबांचा ठोका मला मागून नीट वेगळा ऐकू आला. ते आता पंच्याहत्तरीचे आहेत. तेरा वर्षांत त्यांचा टाळ इतका स्वच्छ मी कधी ऐकला नव्हता.

त्यामुळे तुम्हाला एक मधला मार्ग सुचवते. रस्ता तोच, दिंडी तीच, पण रजा थोडी पुढे सरकवा. लोणंदऐवजी पुढे वेळापूरला मिळा, एकादशी करा, पौर्णिमेपर्यंत पंढरपुरात थांबा आणि परतीला फलटणपर्यंत या. २०२६ ला अधिक ज्येष्ठ असल्याने आषाढी २५ जुलैला आहे आणि पौर्णिमा २९ ला. साहेबांकडे अर्ज त्या हिशेबाने टाका, नाहीतर गेल्या वर्षीच्या ६ जुलैच्या आठवणीने आधीच रजा घेऊन बसाल.

आणि बोचक्यावर नाव घाला. न धुपणाऱ्या शाईने, दोन्ही बाजूंना.