डॉक्टर म्हणाले पाय ओके आहे, मग पोरगं ग्राउंडवर का जाईना?

"मॅडम, ऑपरेशन झालं, डॉक्टर ओके म्हणाले, पण पोरगं ग्राउंडकडं फिरकंना झालंय, भ्यालंय का नाटक करतंय तेच कळंना." फुटबॉलचा सीझन आला की कोल्हापुरात हा प्रश्न मला हमखास येतो आणि विचारणारे बहुतेक वडीलच असतात. म्हणून माझ्याकडे समुपदेशनाला आलेल्या एका मुलाची केस सांगते, त्याची आणि घरच्यांची परवानगी घेतलीये आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

मुलगा सेकंड इयरला, कॉलेजच्या टीममध्ये लेफ्ट विंगला, आणि पेठेतल्या टीमकडून पण खेळायचा. बाहेरच्यांना सांगायचं तर कोल्हापुरात फुटबॉल तालमींनी वाढवलाय, पाटाकडील, खंडोबा, दिलबहार ही नावं इथल्या शाळकरी पोरांना पण पाठ असतात, शाहू स्टेडियमवर मॅच असली की पेठच्या पेठ गॅलरीत असते. त्यात 2017 च्या अंडर-17 वर्ल्ड कपला आपला अनिकेत जाधव भारताकडून खेळला, तेव्हापासून तर प्रत्येक गल्लीत एक तरी पोरगं ते स्वप्न घेऊन पळतंय. अशा गावात गुडघा गेला तर तो फक्त गुडघा राहत नाही, चहाच्या गाडीवर, कट्ट्यावर, सगळीकडे "काय भावा, कधी उतरणार?" हेच ऐकायला लागतं, आणि ह्या मुलाने त्याच प्रश्नामुळे घराबाहेर पडणं कमी केलेलं.

सराव मॅचमध्ये वळताना त्याचा एसीएल, म्हणजे गुडघ्याला आतून धरून ठेवणारा एक लिगामेंट, तुटला होता. मांडीमागच्या स्नायूची दोरी काढून नवीन लिगामेंट बसवला, सहा महिने होत आले होते आणि इंटरकॉलेज झोनल स्पर्धा तोंडावर आलेली. टीमचा व्हॉट्सअॅप ग्रुप त्याने सोडलेला. पप्पांनी आधी "बास झालं फुटबॉल, आता अभ्यास कर" म्हणून बूट माळ्यावर टाकले आणि मग डॉक्टर ओके म्हणाल्यावर तेच बूट काढून त्याच्या पुढ्यात ठेवले, प्रेमानेच ठेवले हो, पण पोराला त्यातून एवढंच कळलं की खेळतो तेव्हाच मी घरात चालतो.

माझ्यासमोर बसला तेव्हा सगळा वेळ एक हात गुडघ्यावर. झोपेचं विचारलं तर म्हणाला उशिरा लागते. मग हळूहळू कळलं की रोज रात्री तो एक व्हिडिओ बघतो, मित्राने मोबाईलवर मॅच शूट केली होती त्यात तो पडतानाचा क्षण आलाय. मला दाखवला. आजूबाजूला कोणीच नाही, बॉल पण लांब आहे, हा पळता पळता उजवीकडे वळतो आणि खाली बसतो, बस. म्हणाला, "मॅडम, कोणी मारलं असतं तर बरं झालं असतं, त्याच्यापासनं लांब राहिलो असतो, पण माझाच पाय मला फसवून गेला, आता कुणापासनं लांब राहू?" एसीएलच्या बहुतेक दुखापती अशाच, कोणाचा धक्का न लागता, वळताना किंवा उडी मारून उतरताना होतात. म्हणून घरचे जेव्हा "घाबरतोस कशाला, ते काय तुला खाणारेत का" म्हणतात तेव्हा ते चुकीच्या भीतीला उत्तर देत असतात, त्याला समोरच्या प्लेअरची भीती नव्हतीच, स्वतःच्या पायावरचा विश्वास गेला होता.

आता पहिलं काम मी काय केलं तर डॉक्टरांचं "ओके" नेमकं कशासाठी होतं ते विचारायला लावलं. ते होतं चालायला, जिना चढायला, हलकं जॉगिंग करायला. मॅचसाठी नव्हतंच! नवीन लिगामेंट आत मुरायला वेळ लागतो, नऊ महिन्यांच्या आत मॅच खेळलं तर परत दुखापत व्हायचा धोका बराच जास्त असतो. स्पोर्ट्स फिजिओकडे पाठवलं, एका पायावर उड्या मारायची टेस्ट झाली, त्यात ऑपरेशनचा पाय दुसऱ्या पायाच्या निदान 90 टक्के तरी यायला लागतो आणि ह्याचा त्याच्या बराच खाली होता. हे ऐकून मुलगा चक्क हसला, म्हणाला, "म्हणजे मी भित्रा नव्हतो." माझं स्पष्ट मत आहे, पोरगं "नको वाटतंय" म्हणतं तेव्हा आधी शरीर तपासा, मन नंतर.

दुसरं, जिमखान्याच्या सरांशी बोलले. दुखापत झालेल्या पोराला आपण दयेपोटी टीमपासून लांब ठेवतो, कशाला त्याला त्रास म्हणून, आणि तिथेच तो एकटा पडतो. सरांनी त्याला वही देऊन बेंचवर बसवलं, समोरच्या टीमच्या कॉर्नरला कोण मोकळं राहतं, त्यांचा बॅक कुठल्या पायाने बॉल घेतो, हे सगळं लिहायचं आणि हाफटाईमला सांगायचं. टीम सेमीफायनलला हरली, सगळे रडले, हा पण रडला, आणि आईने मला घाबरून फोन केला. मी म्हटलं ताई, रडू दे, कितीतरी महिन्यांनी तो टीमबरोबर रडलाय.

पुढे फिजिओची टेस्ट पास झाली, नऊ महिने उलटले, तरी भीती होतीच, आणि हे नॉर्मल आहे. 2014 मध्ये एसीएल ऑपरेशन झालेल्या खेळाडूंवरच्या अभ्यासांचा एक मोठा आढावा आला होता, त्यात साधारण 81 टक्के कुठल्या ना कुठल्या खेळात परतले होते पण स्पर्धेत परतले ते फक्त 55 टक्के, आणि न परतण्यामागे मनाची तयारी हे मोठं कारण असतं. त्यासाठी 12 प्रश्नांची एक प्रश्नावली पण असते, ती आम्ही मधूनमधून भरायचो. मग भीतीची उतरंड केली, शून्य ते दहा. उभ्याने पास देणं दोन, पळत वळणं सहा, ओल्या ग्राउंडवर टॅकल दहा. खालून सुरुवात, एक पायरी कंटाळा येईपर्यंत करायची आणि मगच पुढची. तो व्हिडिओ मी डिलीट करायला लावला नाही, झोपायच्या आधी बघायचा नाही एवढंच ठरवलं, आणि त्याच्याजागी फिजिओकडचे जुने क्लिप, गुडघा जेमतेम वाकत होता तेव्हापासूनचे.

पुढच्या सीझनला झोनलमध्ये शेवटची काही मिनिटं सरांनी उतरवलं. पहिला बॉल आला तो त्याने न वळता सरळ मागे दिला, दुसऱ्याला वळला. गोल वगैरे काही केला नाही. आता कॉलेजकडून खेळतो, पेठेच्या टीमला सध्या नाही म्हणालाय, ते त्याचं त्याने ठरवलं आणि पप्पांनी मान्य केलं, जे त्यांना अजिबात सोपं गेलेलं नाही.

तुमच्या घरी असं कोणी असेल तर "कधी उतरणार" ऐवजी "आज फिजिओकडं काय केलंस" एवढंच विचारून बघा. आणि जेवण तुटलं, झोप पार गेली, किंवा "जगून काय करू" असं काही तोंडातून आलं तर सीझन-बिझन सगळं बाजूला ठेवून लगेच मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन जा, नाहीतर टेली मानस ह्या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा, फ्री आहे, रात्री-अपरात्री पण उचलतात आणि मराठीत बोलता येतं.