ट्रेनिंगमध्ये दगावलेल्या पायलटची नोंद कुठे मिळेल?

प्रश्न: आजोबांचे धाकटे भाऊ दुसऱ्या महायुद्धात एअर फोर्समध्ये होते. 1944 साली अंबाल्याला ट्रेनिंग चालू असताना विमान पडून गेले. घरात युनिफॉर्ममधला फोटो तेवढा आहे. अस्थी रामकुंडात सोडल्या असं आजी सांगायची. काका म्हणतात, लढाईत थोडेच गेले, त्यांची नोंद कोण ठेवणार?
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर: काकांचं हे काही पटलं नाही बुवा. ब्रिटिशांच्या एकट्या बॉम्बर कमांडचे, म्हणजे बॉम्बफेकी विमानांच्या दलाचे, 55,573 जण गेले, त्यातले 8,000 च्या वर ट्रेनिंगमध्ये नि असल्याच अपघातांत. आपल्याकडची पोरं टायगर मॉथसारख्या हलक्या विमानावर शिकून मग हार्वर्ड नावाच्या पुढच्या ट्रेनिंगच्या विमानावर यायची, ते जड नि तापट, उतरताना स्पीड जरा कमी पडला की एक पंख झपकन खाली जाणार, आणि तेव्हा जमीन इतकी जवळ असते की सावरायला वेळच नसतो.

अशा नोंदी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन ठेवतं, महायुद्धांत गेलेल्या सैनिकांच्या कबरी नि नावं जपणारी संस्था. ते शत्रूच्या गोळीनेच गेला का असं विचारत नाही. 3 सप्टेंबर 1939 ते 31 डिसेंबर 1947 या काळात नोकरीत असताना गेला, बास. त्यांच्या साइटवर फुकटात शोधता येतं. दहन झालेल्यांची कबर नसते म्हणून त्यांची नावं दिल्ली कँटोन्मेंटमधल्या वॉर सिमेट्रीतल्या स्मारकात आहेत, अविभाजित भारतातली 25,000 हून जास्त. पुण्याजवळ खडकीच्या वॉर सिमेट्रीला चक्कर मारू नका, तिथे दफन झालेले आहेत. इंडिया गेटजवळच्या नव्या नॅशनल वॉर मेमोरियलवरही नाही मिळणार, तिथली नावं स्वातंत्र्यानंतरची.

शोधताना आडनावाची स्पेलिंगं उलटसुलट करून बघा, इंग्रज कारकुनांनी आपल्या आडनावांचं काय केलंय ते विचारू नका! नाशिकचं स्पेलिंगही तेव्हा शेवटी एच नसलेलं होतं. नाव सापडलंच नाही तर मृत्यूचा कागद, जुनी तार, पेन्शनचं पत्र जे असेल ते जोडून कमिशनला लिहा, पुरावा पटला तर ते नाव नव्याने घालतात.

आणि तुम्ही तर पंचवटीतच राहता. अस्थी आणल्या असतील तर तुमच्या घराण्याच्या तीर्थोपाध्यायांकडे जा, त्यांच्या वहीत कोण कशासाठी आलं ते आलेल्या माणसाच्या हाताने लिहिलेलं असतं. मूळ गाव नि आडनाव सांगितलं की पान काढून देतात. तारीख तिथे मिळाली तर पुढचं सगळं सोपं. जाताना काकांनाही घेऊन जा.