बी.टेक. नॅनो की बी.फार्म.?

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे, गणित आणि जीवशास्त्र दोन्ही आहेत. कोविड लशीतल्या नॅनोकणांबद्दल वाचल्यापासून ‘पेशीत औषध पोहोचवायचं काम करायचं’ म्हणते. बी.टेक. नॅनोटेक्नॉलॉजीला घालू का? – एक पालक, सांगली

उत्तर : माझं मत, नको. पदवीच्या नावात नॅनो असून भागत नाही, हाताखाली रसायनशास्त्र पक्कं लागतं. का ते बघा.

एमआरएनए लशीचा (पेशीला प्रथिन बनवायची सूचना देणाऱ्या आरएनए रेणूची लस) कण चार लिपिडांचा, म्हणजे मेदासारख्या रेणूंचा असतो. नेहमीचं प्रमाण असं : आयनीभवन होणारं (आम्लात धनभार घेणारं) लिपिड ५०, डीएसपीसी (कणाला आकार देणारं लिपिड) १०, कोलेस्टेरॉल ३८.५ आणि पेग-लिपिड (कणांना एकमेकांपासून दूर ठेवणारं) १.५ मोल टक्के, म्हणजे रेणूंच्या संख्येत. लिपिडं इथेनॉलमध्ये, आरएनए पीएच ४ च्या बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात). दोन्ही १:३ प्रमाणात मायक्रोफ्लुइडिक (केसासारख्या बारीक वाहिन्यांच्या) चिपमधून झपाट्याने मिसळले की साधारण ८० ते १०० नॅनोमीटरचे कण तयार होतात. मिसळणं मंदावलं की कण मोठे होतात. डायलिसिसमध्ये (पातळ पडद्यातून नको ते काढून टाकताना) इथेनॉल पुरतं निघालं नाही, तर कण एकमेकांत मिसळून फुगतात. सुक्रोज न घालता गोठवले तर गुठळ्या. आणि सगळ्यात फसवी चूक म्हणजे हातावरचं आरएनेझ, म्हणजे आरएनए तोडणारं विकर : कण मोजमापात उत्तम दिसतात, आतला आरएनए मात्र तुटलेला असतो. एवढं सांभाळूनही पेशीने गिळलेल्या मालातला थोडकाच भाग एंडोसोमच्या (गिळलेला माल पेशी ज्यात कोंडते त्या) पिशवीतून बाहेर पडतो. खरं संशोधन तिथेच अडलंय.

हे सगळं औषध घडवण्याचं रसायनशास्त्र. म्हणून एमएचटी-सीईटी देऊन बी.फार्म., मग जीपॅट (एम.फार्म.ची प्रवेश परीक्षा) आणि फार्मास्युटिक्समध्ये (औषधाला गोळी, इंजेक्शन असं रूप देण्याच्या शाखेत) एम.फार्म. मुंबईची आयसीटी (रसायन तंत्रज्ञान संस्था), मोहालीची नायपर (राष्ट्रीय औषधशिक्षण संस्था) डोळ्यांपुढे ठेवा. संशोधनच करायचं तर पुढे पीएच.डी.ची चार-पाच वर्षं धरा. पुण्याच्या जेनोव्हाने देशी एमआरएनए लस केली (२०२२ मध्ये आपत्कालीन मंजुरी), पण अशा कंपन्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. फॉर्म्युलेशनच्या, म्हणजे औषधाला रूप देण्याच्या बहुतेक नोकऱ्या अजून गोळ्या-कॅप्सूलच्याच आहेत. बी.फार्म. असेल तर तेही दार उघडं राहतं. फार्मसी नकोच म्हणाली, तर बी.एस्सी. रसायनशास्त्र, एम.एस्सी. आणि नेट-जेआरएफ (संशोधन शिष्यवृत्तीची परीक्षा) हाही रस्ता चांगला आहे.

तूर्त एक गणित तिला घालून बघा, बारावीच्या आयनिक समतोलाच्या धड्यातलंच. आयनीभवन होणाऱ्या लिपिडचं पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू भारित असतात तो आकडा) ६.४ आहे, रक्ताच्या ७.४ पीएचला किती रेणू धनभारित राहतील? उत्तर सुमारे ९ टक्के येतं. एंडोसोममध्ये ५.४ ला तेच ९१ होतं, आणि याच भाराच्या जोरावर पिशवी फुटते. हे सोडवताना ती रमली, तर सीईटीचा फॉर्म बिनधास्त भरा.