कथेतल्या पात्राला प्राण्याची उपमा देणं आता जुनाट वाटतं का?

तुम्ही विचारलंय की ‘गरीब गाय’, ‘धूर्त कोल्हा’ असल्या उपमांनी पात्रं उभी करण्याचे दिवस गेले का. मी हौसेने कथा लिहितो आणि या खड्ड्यात स्वतः पडलोय. माझं मत: प्राण्याची नुसती ख्याती वापरली की उपमा शिळी लागते. प्राणी नीट पाहिलेला असेल तर खुशाल वापरा.

महाभारतात दोन्ही तऱ्हा सापडतात. ‘भरतर्षभ’ म्हणजे भरतकुळातला बैल. अर्जुन भरतर्षभ, युधिष्ठिर भरतर्षभ, आणि ही सगळी कथा ऐकत बसलेला जनमेजयसुद्धा भरतर्षभ. सगळेच बैल म्हटल्यावर चेहरा कुणाचाच दिसत नाही, तो नुसता मान. ‘वृकोदर’ म्हटलं की मात्र भीमच. वृक म्हणजे लांडगा. अख्खा लांडगा घेतलाच नाही, त्याचं पोट तेवढं घेतलं, आणि ताटावर बसलेला भीम डोळ्यांपुढे आला.

ट्रॉयच्या युद्धावरचं ग्रीक कवी होमरचं महाकाव्य ‘इलियड’, त्याच्या अकराव्या सर्गातली एक जागा माझी फार लाडकी आहे. ट्रोजनांपुढून, म्हणजे ट्रॉयच्या सैन्यापुढून, ग्रीक वीर एजॅक्सला मागे हटावं लागतंय. होमर त्याला आधी सिंह म्हणतो आणि लगेच गाढव! पिकात घुसलेलं गाढव. पोरं त्याच्या पाठीवर काठ्या मोडतायत, पण पोट भरल्याशिवाय ते जागचं हलत नाही. आपल्याकडे नायकाला गाढव म्हणायला लेखक कचरेल, कारण गाढव म्हणजे मूर्ख एवढंच आपल्याला पाठ. होमरने त्याचा चिवटपणा उचलला.

उपमा कुणाच्या तोंडी आहे तेही बघा. त्याच काव्यात सुरुवातीलाच ग्रीकांचा सर्वांत मोठा वीर अकिलीस त्यांच्याच सेनापती राजाला, अगामेम्नॉनला, सुनावतो, डोळे कुत्र्याचे आणि काळीज हरणाचं. अगामेम्नॉन खरंच तसा आहे की नाही ते राहू द्या, अकिलीसचं डोकं किती फिरलंय ते कळतं. म्हणून तुमचा निवेदक कोथरूडच्या फ्लॅटमध्ये वाढलेला असेल तर त्याला तरस सुचू देऊ नका. त्याने पाल पाहिलीय, खिडकीतली कबुतरं पाहिलीत. तेवढ्यात भागवा.

(जाता जाता: ‘गोगलगाय आणि पोटात पाय’ ही म्हण मी शाळेत नुसती घोकली होती. एका पावसाळ्यात खिडकीच्या काचेवर चढणारी गोगलगाय आतल्या बाजूने दिसली, तेव्हा पटलं की म्हण करणाऱ्याने ती बारकाईने पाहिली होती. प्राणिशास्त्रातही तिच्या वर्गाला ‘उदरपाद’च म्हणतात.)

आता माझा खड्डा. एका कथेत मी आत्याला ‘घारीची नजर’ दिली होती. बायकोने वाचलं आणि म्हणाली, “ही घार मी दहा कथांत पाहिलीय.” खरंच होतं. मग आजोळच्या कोंबड्या आठवल्या. कोंबडी पाण्यात चोच बुडवते, मान वर करते, पाणी घशाखाली उतरलं की पुन्हा खाली वाकते. आत्या चहा तसा प्यायला लागली: बशीतून एक घोट, मान वर, तेवढ्यात कोण आलं कोण गेलं ते बघून घ्यायचं, पुन्हा बशी. दुसऱ्या खर्ड्यात मी ‘कोंबडीसारखी’ हा शब्दही खोडला. बायकोला तरी कोंबडी दिसलीच.