कोकणातल्या शाळेतून हिवाळी ऑलिंपिकला कुणी जाऊ शकेल का?

बर्फाच्या खेळांत नाव काढलेले माजी विद्यार्थी कुठल्या शाळेचे, आणि आपल्या गुहागर-दापोलीच्या पोरांना ते जमेल का, असं तुम्ही विचारलंय.

परदेशात यासाठी खास शाळाच आहेत. अमेरिकेत व्हरमाँटची बर्क माउंटन अकॅडमी घ्या. स्कीपटू मिकेला शिफ्रिन तिथलीच, 2014 ला सोचीच्या ऑलिंपिकमध्ये 18 व्या वर्षी स्लॅलममध्ये, म्हणजे रोवलेल्या काठ्यांमधून वळणं घेत बर्फावरून उतरायच्या शर्यतीत, सुवर्णपदक.

पण मला जवळचं वाटतं ते शिवा केशवनचं उदाहरण. हा हिमाचलमधल्या सनावरच्या लॉरेन्स स्कूलचा विद्यार्थी. ल्यूज, म्हणजे पाठीवर आडवं होऊन पाय पुढे करून घसरगाडीवरून सुसाट उतरायचं. 1998 ला नागानोत तो उतरला तेव्हा जेमतेम 16 वर्षांचा होता. पुढे 2018 पर्यंत सहा ऑलिंपिक खेळला. देशात ल्यूजचा ट्रॅक नव्हता, म्हणून घसरगाडीला चाकं लावून हिमालयातल्या रस्त्यांवर सराव केला! आपली पोरं पोफळीच्या विरीवर बसून एकमेकांना अंगणभर ओढतात ना, ते बघताना मला हटकून तो आठवतो.

मुलाला आवड असेल तर आत्ताच इनलाइन स्केट, म्हणजे एका रांगेत चाकं असलेले बूट, घेऊन द्या. घाटरस्त्यावर मात्र मुळीच सोडू नका, सिमेंटचं पटांगण बघा. अमेरिकेचा चाड हेड्रिक चाकांवरूनच बर्फावर आला आणि 2006 ला तुरिनच्या ऑलिंपिकमध्ये स्पीड स्केटिंगचं, म्हणजे बर्फावरच्या स्केट-शर्यतीचं, 5000 मीटरचं सुवर्ण घेऊन गेला.